कमी खर्चातला व्हिडिओ प्रोटोटाइप

अजून न बनलेलं ॲप किंवा मशीनचा स्क्रीन कोणीतरी वापरतंय असं दाखवणारी छोटीशी फिल्म म्हणजे व्हिडिओ प्रोटोटाइप, आणि कमी खर्चातला म्हणजे कागद, स्केचपेन, कात्री नि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर उरकलेला. यात कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. नुसत्या स्क्रीनच्या चित्रांवरून बटण दाबल्यावर काय होतं ते एकवेळ कळेल, पण तो माणूस ते बटण कुठे उभा राहून, कसल्या गडबडीत, दुसऱ्या हातात पिशवी धरून दाबतोय हे कळत नाही, आणि डिझाइन तर बरेचदा तिथेच फसतं.

या प्रकारातली जुनी गाजलेली नावं मात्र अजिबात स्वस्तातली नाहीत. ॲपलचा १९८७ चा 'नॉलेज नॅव्हिगेटर', ज्यात एक प्रोफेसर घडीच्या टॅबलेटशी गप्पा मारत काम करतो, किंवा १९९४ चा सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीचा 'स्टारफायर', ज्यात दहा वर्षं पुढचं ऑफिस दाखवलंय, हे चक्क नट घेऊन केलेले सिनेमेच.

गरिबाघरची पद्धत वेगळी, आणि ती नीट शिकवली ती माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो यावर संशोधन करणाऱ्या वेंडी मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे सीनची क्रमवार चित्रं, काढायचा, मग सीन त्याच क्रमाने शूट करायचे म्हणजे नंतर एडिटिंगचं झंझट नको, आणि मधेमधे मूकपटासारख्या पाट्या दाखवायच्या. चुकलं तर टेप शेवटच्या पाटीपर्यंत मागे घेऊन पुढचं पुन्हा शूट करायचं (आता क्लिप डिलीट केली की झालं). स्क्रीन बदलायची युक्ती तर फारच साधी आहे, बोटाने कागदी बटण दाबलं की रेकॉर्डिंग पॉज, हात तसाच पुतळ्यासारखा धरायचा, दुसऱ्याने खालचा कागद बदलायचा, पुन्हा चालू. हात किंवा कॅमेरा हलला की मात्र जादू गेलीच, म्हणून मोबाइल हातात न धरता पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवावा. स्क्रोलिंग दाखवायला पुठ्ठ्याच्या चिरेतून कागदाची लांब पट्टी ओढतात, पॉप-अप पारदर्शक शीटवर काढून वर ठेवतात.

'एल्मोज मॉन्स्टर मेकर' या मुलांच्या ॲपसाठी आयडिओ कंपनीच्या डिझायनरनी तर भल्यामोठ्या आयफोनचं चित्र फोमबोर्डवर चिकटवून स्क्रीनच्या जागी भोक पाडलं, एकजण मागे उभा राहून नाचला आणि पुढून दुसरीचं बोट 'स्क्रीन'वर फिरलं. एवढ्यावर कल्पना क्लायंटला कळली!

ओबडधोबड असण्याचा फायदा असा की बघणारा बिनधास्त नावं ठेवतो. चकाचक व्हिडिओ दाखवला की चर्चा रंग नि फॉन्टवर जाते.

पण व्हिडिओ खोटं फार सहज बोलतो. कागदी ॲपचं नेटवर्क कधी जात नाही, व्हॉइस असिस्टंटला प्रत्येक उच्चार कळतो, सर्च पहिल्या फटक्यात बरोबर. त्यामुळे गोष्ट बिघडल्यावर स्क्रीनवर काय दिसेल याचा निदान एक सीन घालावाच. शिवाय प्रेक्षकाला यात हात लावता येत नाही, तो बघून फक्त मत देऊ शकतो आणि त्याला स्वतःला ते बटण सापडलं असतं का हे कळत नाही, त्यासाठी तेच कागद टेबलावर मांडून कोणालातरी खरंच वापरायला द्यावे लागतात, आणि कॉम्प्युटरचं काम, म्हणजे बटण दाबल्यावर कागद बदलणं, तेव्हा टीममधलाच कोणीतरी करतो, तोंड बंद ठेवून.