उजवीकडे वळण्याआधी सायकल डावीकडे जाते

सायकल उजवीकडे न्यायची तर हँडल उजवीकडेच फिरवायचं, असं आपण धरून चालतो. पण सायकल जरा वेगात असली की आपण नकळत आधी हँडल किंचित डावीकडे ढकलतो. त्यामुळे चाकं डावीकडे सरकतात, अंग उजवीकडे झुकतं आणि मग हँडल उजवीकडे येतं. विमान बनवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरच्या हे बरोबर लक्षात आलं होतं.

म्हणूनच फुटपाथला घासून सायकल चालवणं धोक्याचं, असं मला ठामपणे वाटतं. अचानक खड्डा आला आणि उजवीकडे वळायचं झालं, तर आधी डावीकडे जी वीतभर जागा लागते, तीच तिथे नसते. कडेपासून निदान अर्धा-पाऊण मीटर अंतर हवंच.

वेगाचा हिशोब तर अधिकच कडक आहे. ताशी १५ किलोमीटरने ५ मीटर त्रिज्येचं वळण घेताना सायकल सुमारे २० अंश कलते. वेग २० केला की ३२ अंश! टायरला लागणारी पकड जवळपास १.८ पट होते. ब्रेकलाही तीच पकड लागते, त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करावा. पावसात झेब्रा पट्ट्यांवर तर सायकल सरळच ठेवावी.

मोठ्या चौकात उजवीकडे जायला दोन टप्प्यांची पद्धत उत्तम. डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकल उजवीकडे वळवायची आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघायचं. मात्र तिथे डावीकडे वळणाऱ्या गाड्यांची वाट अडवू नये. डेन्मार्कमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते; तिथे सायकलस्वारांना डावं वळण असंच दोन टप्प्यांत घ्यावं लागतं.

सर्वांत जपायचं ते डावीकडे वळणाऱ्या बसपासून. बसची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात. पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर अंतर आणि पुढचं आतलं चाक १० मीटर त्रिज्येवर असेल, तर पायथागोरसच्या नियमाने मागचं आतलं चाक ८ मीटरवर येतं, म्हणजे तब्बल २ मीटर आत. सिग्नलला बस आणि फुटपाथ यांच्यामधली मोकळी दिसणारी फट नेमकी हीच. बसचा डावा इंडिकेटर लागलेला नसला, तरी त्या फटीत शिरू नये. बसच्या मागेच थांबावं.