‘व्यापार संघटना प्रदूषणाला अडवू देत नाही’ हे कितपत खरं?

‘एकदा जागतिक व्यापार संघटनेत शिरलं की प्रदूषण करणारा परदेशी माल सीमेवर रोखता येत नाही,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

गॅट हा या संघटनेच्या नियमांचा पाया असलेला व्यापार करार, 1947 चा. त्याच्या कलम 20 मध्येच सवलत आहे: माणसं, प्राणी, वनस्पती यांचं जीवित-आरोग्य जपायला किंवा संपत चाललेली नैसर्गिक साधनं वाचवायला देश व्यापारावर बंधनं घालू शकतो. मुख्य अट ही की देशादेशांत विनाकारण आपपरभाव नको.

मग अफवा आली कुठून? बहुधा 1996 च्या पेट्रोल खटल्यातून. धूर कमी व्हावा म्हणून अमेरिकेने पेट्रोलच्या शुद्धतेचे नियम केले. व्हेनेझुएला आणि ब्राझील यांनी तक्रार केली, अमेरिका हरली. बातमी तेवढीच लक्षात राहिली! निकालात मात्र स्वच्छ हवा हे संपणारं साधन मानलं गेलं, म्हणजे हेतू मान्यच होता. नडलं ते मोजमाप. देशी रिफायनऱ्यांना 1990 सालच्या स्वतःच्या आकड्यांवर जोखलं जाई. परदेशी कंपन्यांना सरकारने ठरवलेली सरासरी लावली होती. अमेरिकेने पुढे नियम दुरुस्त केला, हवेचा कायदा मोडीत काढला नाही.

उलट व्यापारबंदी हे प्रदूषणाविरुद्धचं हत्यारही ठरलंय. ओझोनसाठीच्या 1987 च्या माँट्रियल करारात बाहेर राहणाऱ्या देशांशी सीएफसीचा, म्हणजे ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांचा, व्यापार बंद करण्याची तरतूद होती. बाहेर राहण्यातला फायदाच संपला. आज जगातले सगळे देश त्यात आहेत.

अर्थात, पर्यावरणाच्या नावाखाली देशी उद्योगाला कुंपण घालणारेही असतात. आपपरभाव नको ही अट त्यांच्यासाठीच आहे.