कर्नेलच्या घड्याळातला टीव्ही

पूर्वी लग्नघरात मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. मग शेजारी बसलेल्याने टोल द्यायचा आणि वाटी पुन्हा तरंगत ठेवायची.

१९८१च्या आयबीएम पीसीतला टायमर हेच काम करायचा. त्यातला काउंटर उलटा मोजत शून्यावर आला की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे टोल, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आता हे मोजायचं कशाच्या तालावर? आयबीएमने मुख्य स्फटिक बसवला तो सेकंदाला १,४३,१८,१८० कंपनांचा. आकडा विचित्र वाटतो, पण अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या रंगवाहक लहरीच्या तो बरोबर चौपट आहे. (आपल्याकडे १९८२ साली आलेला रंगीत टीव्ही पॅल पद्धतीचा, त्याचा आकडा वेगळा.) चाराने भागलं की टीव्हीवर रंग दाखवायची सोय, तिनाने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा वेग आणि बाराने भागलं की टायमरचे सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके. काटकसर म्हणावी तर ही! काउंटर १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ ठोके मोजणारा. त्यामुळे टोल पडायचे सेकंदाला साधारण १८.२, आणि डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ ५५ मिलिसेकंदांच्या उड्या मारत चालायचं.

पुढे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने टोल दाट केले: आधी सेकंदाला १००, मग २.६ आवृत्तीत १०००. पण प्रत्येक टोलाला प्रोसेसरला हातातलं काम टाकून उठावं लागतं. शिवाय दोन टोलांच्या मधे नेमके किती वाजले, हे नुसते टोल मोजून कळत नाही.

१९९३च्या पेंटियममध्ये टाइम स्टॅम्प काउंटर आला. सगळे त्याला टीएससी म्हणतात. प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला एकने वाढणारा ६४ बिटांचा आकडा, हवा तेव्हा क्षणात वाचता येणारा. पुढे वीज वाचवायला प्रोसेसर आपला वेग कमी-जास्त करू लागले आणि ठोकाच लहान-मोठा होऊ लागला. ३ गिगाहर्ट्‌झ धरून हिशेब करावा आणि प्रोसेसर दीडवर उतरावा, की घड्याळ निम्म्या चालीने रांगणार. नव्या प्रोसेसरांत टीएससीची लय वेगाबरोबर बदलत नाही.

तरी कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टीएससीच्या शब्दावर विसंबत नाही, आणि मला कर्नेलचा हा संशयी स्वभावच सगळ्यात आवडतो. मशीन चालू होताना कित्येकदा तो जुन्या टायमरला काही मिलिसेकंद मोजायला लावतो, तेवढ्यात टीएससी किती पुढे गेला ते पाहतो आणि त्यावरून त्याचा खरा वेग ठरवतो. त्यानंतरही, ज्या मशीनवर टीएससीची पुरती खात्री नसते तिथे, दर अर्ध्या सेकंदाला दुसऱ्या घड्याळाशी ताळा. फरक फार पडला की लॉगमध्ये टीएससी ‘अनस्टेबल’ अशी नोंद होते आणि कारभार दुसऱ्याकडे जातो. नवा कारभारी वाचायला बराच संथ असतो. दर क्षणी वेळ विचारणारे डेटाबेससारखे प्रोग्रॅम मग एकाएकी मंदावतात, आणि ज्याला ही नोंद ठाऊक नाही तो भलतीकडेच दोष शोधत बसतो.

या पर्यायी घड्याळांपैकी एक म्हणजे एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातला पीएम टायमर. त्याचे ठोके सेकंदाला ३५,७९,५४५. वरच्या स्फटिकाच्या आकड्याला चाराने भागून पाहा.