रेडिएटरचा पंखा घेण्याआधी एवढं वाचा

जीपमध्ये किंवा पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं की आम्हाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जागाच नाही, पंखा बसवायचा कुठे?" दुसरा प्रश्न पंधरा दिवसांनी येतो: "पंखा फिरतोय, तरी गाडी तापते. बदलून द्या." पंखा क्वचितच खराब निघतो.

होतं असं. इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये जागा नाही म्हणून पंखा पुढे, ग्रिलच्या बाजूला जातो. घेतलेला असतो मात्र मागे बसवायचा, हवा ओढणारा 'पुलर'. पुढे लावला की तो हवा ग्रिलमधून बाहेर फेकतो. मग कोणीतरी सांगतं, वायरी उलट कर. पंखा उलटा फिरू लागतो, हवा इंजिनाकडे जाते, सगळे खूश. पण पात्याचा बाक एकाच दिशेने फिरण्यासाठी दिलेला असतो. उलटं फिरताना आवाज भरपूर, वारा जेमतेम. हायवेला समोरून हवा मिळते म्हणून कळत नाही. बोरी पुलाच्या रांगेत अडकलात की तापमानाचा काटा वर.

घरीच तपासा. गाडी उभी करून पंखा चालू करा आणि ग्रिलला बाहेरून वर्तमानपत्राचा कागद लावा. चिकटून राहिला तर ठीक. घसरून खाली पडला तर वरची गोष्ट तुमचीच आहे.

काही पंख्यांचं पातं शाफ्टवरून निघतं. ते पालथं घालून वायरीही उलटल्या तर पंखा खरोखरचा 'पुशर', म्हणजे पुढून हवा ढकलणारा, होतो. दोन्ही करावं लागतं. नुसतं पातं पालथं घालून हवेची दिशा बदलत नाही. ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली, सर्किटवर चालणारी) मोटर असेल तर वायरींना हात लावू नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.

आमचा कल शक्यतो मागे बसवण्याकडेच असतो. पुढचा पंखा चालत्या गाडीची हवा अडवतो आणि जूनपासून चिखल खातो. "जागा नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांत जागा निघते, कारण पंखा जाड असतो तो फक्त मध्ये, मोटरपाशी. तो थोडा बाजूला सरकवून मोटर वॉटर पंपाच्या पुलीसमोरून हटवली की काम होतं. नाहीतर एका मोठ्याऐवजी दोन लहान पंखे.

माप घेताना मात्र इंजिन हलतं हे विसरू नका. रबराच्या माउंटिंगवर ते डुलतं, जोरात ब्रेक मारला की पुढे येतं. मोटर आणि पुलीत आम्ही 25 मिमी तरी सोडतो. पंख्याच्या जाडीचा पुठ्ठा रेडिएटरला लावून पुलीच्या टोकावर ओल्या मातीचा गोळा चिकटवतो आणि इंजिन हाताने गदागदा हलवतो. गोळा चेपला तर तो पंखा त्या गाडीचा नव्हे. लोक हसतात, पण पातं पुलीला घासून तुटलेले पंखे घेऊन तेच येतात.

बाकीचं थोडक्यात. श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचं रेडिएटर झाकणारं आवरण, नसेल तर पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे कोरडेच. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका. घासून ट्यूब गळते. करंट बॅटरीतून फ्यूज आणि रिलेमार्गे (थोड्या करंटवर चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) द्या, डॅशच्या स्विचमधून थेट नको. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) 82 अंशांचा असेल तर पंखा 92च्या आसपास सुरू आणि 87ला बंद, असा सेन्सर घ्या. 80चा घेतलात तर पंखा थांबणारच नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी 82च्या आसपासच ठेवतो.

ऑनलाइन घेतलेला पंखाही आम्ही बसवतो, पण मजुरी जास्त पडते. ब्रॅकेट आणि श्राउड नव्याने करावं लागतं, त्यात एक अख्खा दिवस जातो. म्हणून आधी गाडी आणा, मग पंखा घ्या. माप घ्यायचे पैसे आम्ही लावत नाही. सकाळी येणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच सोडा; गरम इंजिनात कोणी हात घालत नाही. गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात नवीन काम घेत नाही.