कान : श्रवण आणि तोल

आवाज ऐकणे व शरीराचा तोल सांभाळणे ही दोन्ही कामे करणारे ज्ञानेंद्रिय. त्याचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि आंतरकर्ण असे तीन भाग पाडतात.

पाळीने गोळा केलेला आवाज सुमारे २.५ सेंमी. लांबीच्या नलिकेतून पडद्यावर पोचतो. पडदा थरथरला की त्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे हलतात. रिकीब जेमतेम ३ मिमी.ची, शरीरातले सर्वांत लहान हाड. पुढे आंतरकर्णात द्रव आहे, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर त्यातला बहुतेक परत फिरतो. पडदा मोठा आणि रिकिबीचा तळ लहान असल्याने दाब सुमारे २० पट होऊन आत जातो. घशाकडे जाणारी एक नळी पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा राखते. घाटात बसलेले दडे आवंढा गिळल्यावर सुटतात ते तिच्यामुळे.

खरी करामत आंतरकर्णाची. गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या कर्णावर्तात सुमारे १५,००० केशपेशी असतात. द्रवाच्या हालचालीने त्यांचे सूक्ष्म केस वाकतात, पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वरच्या पट्टीतले स्वर कर्णावर्ताच्या तोंडाशी, खर्जातले टोकाशी टिपले जातात. हे उलगडणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले.

माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात प्रेसवर उभा राहणारा कामगार असो की हंडीच्या दिवशी डीजेच्या भिंतीपुढे नाचणारा पोरगा, दोघांच्या कानांचे नुकसान एकाच जागी होते. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. आधी वरचे स्वर जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’सारखी व्यंजने निसटतात. ‘ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि घरचे उगाच ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून रागावतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सणाच्या दिवसांत ती कुठे राहते, हे ठाणेकरांना सांगायला नको.

तोल सांभाळणाऱ्या केशपेशी शेजारीच असतात. एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका मान वळल्याचे सांगतात, तर दोन पिशव्यांतले चुन्याचे बारीक स्फटिक डोके किती कलले आणि शरीर कोणत्या दिशेला वेग घेते आहे ते सांगतात. ठाण्यात ९ थर लागतात तेव्हा वरचा बालगोविंदा उभा राहतो तो या संदेशांना डोळे, तळपाय आणि सांध्यांची जोड मिळते म्हणून. खालचा खांदा किंचित हलला तरी त्याचे गुडघे आपोआप जुळवून घेतात.

हे स्फटिक सुटून नलिकेत गेले, तर कूस बदलताना खोली गरगर फिरते. डोके ठरावीक क्रमाने वळवून डॉक्टर ते जागी आणतात. बऱ्याच रुग्णांना गोळ्यांपेक्षा याचाच गुण येतो. बोट किंवा गाडी लागते ती मात्र डोळे आणि कान यांचे संदेश जुळत नाहीत म्हणून. अशा वेळी मोबाइल ठेवून दूरच्या क्षितिजाकडे पाहिले की मळमळ कमी होते.