टोन कंट्रोल बदलल्याने गेन वाढतो का?

फेंडर डीलक्स रिव्हर्ब या ट्यूबवाल्या गिटार अॅम्पच्या एबी ७६३ सर्किटबद्दल वर्षानुवर्षे सांगितलं जातं, की ६.८ किलोओहमचा मिड रेझिस्टर (मधल्या फ्रीक्वेन्सी ठरवणारा) वाढवला की अॅम्पला जादा गेन, म्हणजे सिग्नलची जास्त वाढ, मिळते. हे खरं नाही. टोन स्टॅक, म्हणजे ट्रेबल-मिड-बासचं सर्किट, पॅसिव्ह असतो; तो सिग्नल वाढवू शकत नाही. तो सिग्नल फक्त खातो, आणि मधल्या फ्रीक्वेन्सी सर्वांत जास्त. टोन स्टॅकच्या आधीच्या पहिल्या ट्रायोडचा (सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबचा) गेन सुमारे ६० पट असतो, बदलानंतरही जवळपास तेवढाच राहतो. कमी होतो तो स्टॅकमधला सिग्नलचा ऱ्हास. पुढच्या ट्यूबला मोठा सिग्नल जातो, तिचा आवाज लवकर फाटतो, म्हणून कानाला गेन वाटतो.

बदल मात्र करण्याजोगा आहे. बास पॉटच्या (फिरवायच्या रेझिस्टरच्या) खालच्या टोकापासून ग्राउंडला जाणारा ६.८ किलोओहम काढा, तिथे २५ किलोओहमचा पॉट व्हेरिएबल रेझिस्टर म्हणून जोडा. सुमारे पाव प्रतिकारावर मूळ आवाज मिळतो. पुढे मिड भरत जातो, पण ट्रेबल-बासचा परिणाम बोथट होतो. ग्राउंड पूर्ण तोडला तर ते दोन्ही पॉट जवळपास निकामी होतात.

हा नवा पॉट फिरवताना खरखर आली तर आधी टोन स्टॅकमधला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासा. त्याच्या एका बाजूला ट्यूबच्या प्लेटचा (आउटपुट टोकाचा) डीसी व्होल्टेज असतो, आणि तो गळू लागला की पॉटवर उतरतो. नवा ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिकचाच घ्या.

आणि कृपा करून, प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नका. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर ४०० व्होल्टपेक्षाही जास्त भरलेले राहू शकतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच सोल्डरिंग.