जनरल अरुणकुमार वैद्य : अमृतसरच्या वाटेवरील तीन दिवस आणि पुणे लष्करातील एक सकाळ

पुण्याच्या भवानी पेठेत महापालिकेचे जनरल अरुणकुमार वैद्य स्टेडियम आहे आणि मुंबईत गोरेगाव पूर्वेला त्यांच्याच नावाचा रस्ता आहे. या नावामागचा माणूस कोण, असे विचारले तर पन्नाशी ओलांडलेला पुणेकर बहुधा १० ऑगस्ट १९८६ या दिवशी पुण्यात झालेल्या या माजी लष्करप्रमुखाच्या हत्येची आठवण सांगतो. ती घटना या शहराच्या स्मरणात इतकी खोल रुतली आहे की वैद्यांचे त्याआधीचे चाळीस वर्षांचे लष्करी जीवन तिच्या सावलीत गेले. त्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ चा, म्हणजे जानेवारी २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे निमित्त आहे. ते साधून ही पार्श्वभूमी मुळापासून मांडणे मला आवश्यक वाटते.

अलिबागला जन्मलेल्या अरुण श्रीधर वैद्यांना १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, चिलखती दलात कमिशन मिळाले. घोडदळाची परंपरा सांगणारे हे दल घोड्यांवरून रणगाड्यांवर येऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. पुढची वीस वर्षे एका कर्तबगार अधिकाऱ्याची नेहमीची चढती वाटचाल म्हणता येतील. त्यांचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते सप्टेंबर १९६५ मध्ये. तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते आणि '९ डेक्कन हॉर्स' या रेजिमेंटची सूत्रे त्यांच्याकडे होती.

पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा बेत धाडसी होता. पंजाबातील सीमेजवळचे खेमकरण घ्यायचे, तिथून बियास नदीवरील पुलाकडे मुसंडी मारायची आणि अमृतसरसह त्यामागचा सगळा भारतीय मुलूख तोडून टाकायचा, असा तो बेत होता. खेमकरण पडलेही. त्यामुळे आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनला मागे सरून असल उत्तर आणि चीमा या खेड्यांच्या परिसरात नव्याने मोर्चे बांधावे लागले. समोर नव्या दमाचे अमेरिकन पॅटन रणगाडे होते. डेक्कन हॉर्सकडे होते ते शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात पॅटनशेजारी उभे राहिले की हा सामना किती विषम होता ते कळते. त्याच्या बुरुजाचा पुढचा जाड, गोलाकार भाग पाहताना मला पहिल्यांदा उमगले, की जुन्या तोफेने याला भेदायचे तर तो जवळ येईपर्यंत श्वास रोखून थांबणे किंवा त्याची कड उघडी पडण्याची वाट पाहणे, एवढेच हाती राहत असणार.

आणि तसेच झाले. भारतीय मोर्चे घोड्याच्या नालेच्या आकारात बसवले होते आणि रणगाडे उंच उभ्या उसात दडवले होते. कालव्याचे पाणी सोडल्यामुळे शेतांचा चिखल झाला होता. आत शिरलेल्या पॅटनना वळायला जागा उरली नाही आणि कित्येक जागीच रुतले. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस ही झुंज चालली. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील तोफेने रणगाडे टिपत प्राण दिले, तेही याच रणात. वैद्य एका भागातून दुसऱ्या भागात स्वतः फिरत, विस्कळीत होऊ पाहणाऱ्या तुकड्यांना पुन्हा पुन्हा सावरत होते. भारतीय मोजदादीनुसार पाकिस्तानने इथे ९७ रणगाडे गमावले. निकामी झालेल्या पॅटनची रांग भिखीविंडजवळ लावली गेली, तेव्हा त्या जागेला लोकांनी पॅटननगर हे नाव दिले. वैद्यांना महावीरचक्र, म्हणजे परमवीरचक्राखालोखालचे युद्धकालीन शौर्यपदक, मिळाले. शत्रू अमृतसरपर्यंत पोहोचू शकला नाही, त्यात या मराठी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. ही गोष्ट पुढचा भाग वाचताना लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

सहा वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, ब्रिगेडियर वैद्य पाकिस्तानातील शकरगड भागात सोळाव्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे नेतृत्व करत होते. या ब्रिगेडमध्ये पुण्याचे नाव मिरवणारी आणि १८१७ मध्ये उभी राहिलेली 'पूना हॉर्स' ही रेजिमेंटही होती. बसंतर नदीपलीकडे पायदळाने पाय रोवले होते. त्यांच्यावर प्रतिहल्ला होणार हे दिसत होते, पण मधल्या खोल सुरुंगपट्ट्यातून रणगाड्यांसाठी वाट पुरती मोकळी झालेली नव्हती. वाट पूर्ण होण्याची वाट पाहावी तर पायदळ कापले जाणार, आणि पुढे जावे तर प्रत्येक फुटाला सुरुंगाची भीती. रणगाडे पुढे गेले. जिवाची पर्वा न करता त्या अरुंद वाटेने स्वतः पार झालेल्या ब्रिगेडियरमागे सैनिक का जातात, हे वेगळे सांगायला नको. १६ डिसेंबरला झालेल्या घनघोर रणगाडायुद्धात पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. एकवीस वर्षांचे खेत्रपाल पुण्यात जन्मलेले आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) घडलेले होते. ज्या ५४ व्या इन्फंट्री डिव्हिजनसाठी हे रणगाडे पुढे सरसावले, तिचे प्रमुख मेजर जनरल वॉल्टर पिंटो यांनीही पुढे निवृत्तीनंतर पुण्यातच घर केले. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. हा मान आजवर फक्त सहा जणांच्या वाट्याला आला आहे.

लष्करप्रमुख होण्यापूर्वी ते पूर्व कमांडचे प्रमुख होते. ३१ जुलै १९८३ रोजी त्यांनी लष्करप्रमुखपद स्वीकारले, तेव्हा त्यांना ज्येष्ठ असलेले लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा डावलले गेले आणि सिन्हांनी राजीनामा दिला. तो निर्णय सरकारचा होता. एप्रिल १९८४ मध्ये सियाचीनच्या उंचीवर भारताने जी पकड मिळवली, ती 'मेघदूत' मोहीम वैद्यांच्याच काळातील.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ब्लू स्टार कारवाई झाली. अमृतसरच्या सुवर्णमंदिर परिसरात ठाण मांडलेल्या सशस्त्र खलिस्तानवाद्यांविरुद्ध सैन्य पाठवण्याचा निर्णय इंदिरा गांधींच्या सरकारने घेतला आणि तो अमलात आणण्याची जबाबदारी लष्करप्रमुख या नात्याने वैद्यांवर आली. अकाल तख्ताची, म्हणजे त्या परिसरातील शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, झालेली हानी आणि त्या दिवसांत गेलेले प्राण यांनी शीख समाजाच्या मनाला जी जखम झाली, ती खरी होती आणि खोल होती. तिचा उल्लेख टाळून वैद्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र ज्या अमृतसरच्या वाटेवर त्यांनी १९६५ मध्ये शत्रू रोखला, त्याच अमृतसरमुळे पुढे त्यांचे नाव मारेकऱ्यांच्या यादीत गेले, हे आठवताना आजही जीव कळवळतो.

३१ जानेवारी १९८६ रोजी ते निवृत्त झाले आणि पुण्यात राहायला आले. पुण्याच्या ज्या भागाला आपण कॅम्प म्हणतो, त्याला जुने लोक आजही लष्कर म्हणतात. तिथे निवृत्त सेनाधिकारी रोजच्या बाजारात दिसणे ही नवलाची गोष्ट नव्हती. १० ऑगस्टला रविवार होता. शिवाजी मार्केटमधील खरेदी आटोपून पती-पत्नी घराकडे निघाले. जनरल स्वतः मारुती चालवत होते, पत्नी शेजारी बसल्या होत्या आणि मागे एकच अंगरक्षक होता. पावणेबाराच्या सुमारास राजेंद्रसिंहजी रस्त्यावरून वळताना एक मोटरसायकल गाडीच्या बरोबरीने आली आणि अगदी जवळून गोळ्या झाडण्यात आल्या. अंगरक्षकही जखमी झाला. स्वतंत्र भारताच्या एका लष्करप्रमुखाच्या नावाच्या रस्त्यावर दुसरा लष्करप्रमुख असा पडला. वयाची साठी पूर्ण होऊन त्यांना जेमतेम साडेसहा महिने झाले होते. लष्करी इतमामात त्यांच्यावर पुण्यातच अंत्यसंस्कार झाले आणि पुढे त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

महिनाभरानंतर पिंपरीत एका मोटरसायकलची ट्रकला धडक बसली आणि त्यातून तपासाचा धागा हाती लागला. पुण्याच्या विशेष न्यायालयाने सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा या खलिस्तानवादी मारेकऱ्यांना फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ती जुलै १९९२ मध्ये कायम केली आणि ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवडा कारागृहात ती अमलात आली. निकालपत्रांत आणि बातम्यांत या प्रकरणाचे नाव 'वैद्य हत्या खटला' असेच राहिले आणि पुढच्या पिढीच्या कानावर त्यांचे नाव बहुतेक वेळा याच शब्दांतून पडत गेले. डेक्कन हॉर्स आणि पूना हॉर्स या रेजिमेंटांच्या इतिहासात मात्र ते असल उत्तर आणि बसंतरच्या पानांवर आहेत.